एकसष्ट जणींचं रक्त

हुलसूरच्या बसस्टँडसमोर, औषधाच्या दुकानावर, किरणकुमारची लॅब आहे. ती सुरू व्हायच्या आधी साधी साखर तपासायची म्हटली तरी लोकांना भालकी नाहीतर उदगीर गाठावं लागे, म्हणून किरणकुमारला गावात मान होता. त्या लॅबमध्ये नऊ वर्षं रक्त काढलं ते दानेश्वरीनं. तिचा हात हलका. म्हाताऱ्यांच्या पळणाऱ्या शिरा, लहान लेकरांचे गुबगुबीत हात, सगळं तिला पहिल्या सुईत जमे. "दानेश्वरी हाय का? मग येतो," असं फोनवर विचारून माणसं जिना चढायची.

घरात नवरा वीरेश ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला, आणि सहा वर्षांची गंगांबिका. तिला सगळे गंगू म्हणत. गंगूला जन्मतःच ऐकू येत नव्हतं. आता कानाला मशीन बसवलं होतं, पण मशीननं नुसता आवाज येतो, बोलणं शिकवावं लागतं. शिकवणाऱ्या बाई बसवकल्याणला. त्यांचं म्हणणं, आठवड्यातून चार दिवस तरी आणा. सात वर्षांच्या पुढं जीभ वळायला फार त्रास होतो. दानेश्वरीला रविवारी तेवढं जमायचं.

एप्रिलमध्ये किरणकुमारनं सगळ्यांना बसवून सांगितलं की बेंगळुरूच्या एका ट्रस्टचं काम मिळालंय. चाळीस गावांतल्या सहाशे गरोदर बायकांचं रक्त तपासायचं, हिमोग्लोबिन किती ते बघायचं आणि आकडे रोजच्या रोज कॉम्प्युटरवर चढवायचे. मे संपायच्या आत जी लॅब शंभर टक्के काम दाखवील तिला पुढची तीन वर्षं दोन तालुके मिळणार. त्याखेरीज बसवकल्याणला नवी शाखा.

"आन् तिथली इन्चार्ज तू," तो दानेश्वरीकडं बघून म्हणाला. "गंगूची शाळा तिथंच घाल. रोज क्लासला ने."

ती त्या दिवशी घरी चालत आली नाही, जवळजवळ पळत आली.

काम झपाट्यानं झालं. सकाळी सहाला निघायचं, आशाताई बायका गोळा करून ठेवायच्या, दानेश्वरी जांभळ्या टोपणाच्या नळ्यांत रक्त घ्यायची आणि बर्फाच्या डब्यात घालून दुपारपर्यंत हुलसूरला आणायची. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात मशीनचं औषधी पाणी संपलं. हैदराबादहून येणारं पार्सल अडकलं. "उद्या येतंय," असं तीन दिवस चाललं, आणि तीन दिवसांच्या नळ्या फ्रीजमध्ये साठल्या. तेवीस, एकोणीस, एकोणीस. त्यात वळवाच्या वादळानं खांब पडले आणि दीड दिवस लाईट नव्हती. इन्व्हर्टर दोन तासांत बसला. बाहेर बेचाळीस डिग्री. पार्सल आलं तेव्हा एकसष्टच्या एकसष्ट नळ्या खराब झाल्या होत्या.

"परत जाऊन घ्यावं लागतंय," ती म्हणाली.

किरणकुमारनं कॅलेंडरकडं बोट केलं. चार दिवस राहिले होते, आणि अजून सत्तर बायका नव्यानं बघायच्या होत्या.  मग तो खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला.

"हे बग दानेश्वरी. आपण आतापातूर पावणेपाचशे तपासले. काय निघालं? दहा, साडेनऊ, अकरा. आपल्याकडल्या बाईचं रक्त म्हंजे दहाच्या आसपास. हेबी तसंच निघणार. आकडा कितीबी निघू दे, लोखंडाची गोळी तर सगळ्यांनाच देयलेत. मग फरक काय पडायलाय?"

हेच ती मनात स्वतःला सांगत होती. त्याच्या पुढचंही सांगत होती. सातव्या महिन्यात सरकारी तपासणी परत होते. बाळंतपणाला डॉक्टर पापणी ओढून बघतातच. आपल्या एका कागदावर कुणाचा जीव अडकलाय थोडाच? आणि गंगू ऑगस्टमध्ये सात वर्षांची होणार होती.

त्या दुपारी तिनं एकसष्ट आकडे बनवले. घाईनं नाही, मन लावून बनवले. दहा पॉइंट दोन, दहा पॉइंट सात, अकरा पॉइंट एक. सगळे सारखे दिसले तर संशय येईल म्हणून पाच जणींना नऊच्या घरात घातलं. एकीला बारा दिले. नंतर तिला सगळ्यात जास्त शरम वाटली ती ह्याची, की ते काम तिनं चांगलं केलं.

नळ्या फेकायच्या पिवळ्या पिशवीत टाकताना तिसऱ्या दिवसाच्या स्टँडमधली एक नळी तिच्या नजरेस पडली. रक्त उभं राहिलं की लाल खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी येतं. बाकीच्या नळ्यांत तिसरा हिस्सा तरी लाल होतं. हिच्यात तळाला नखाएवढं. नळी जराशी फिरवली असती तर चिठ्ठीवरचं नाव दिसलं असतं. तिनं फिरवली नाही. तशीच टाकली आणि पिशवीला गाठ मारली.

मेअखेर शंभर टक्के काम झालं. किरणकुमारनं पेढे वाटले.

जूनच्या बारा तारखेला ट्रस्टकडून फोन आला. राजेश्वरच्या शिवारातल्या एका वस्तीवरची जगदेवी नावाची बाई बाळंतपणात गेली होती, तिच्या तपासणीचा कागद पाठवा. किरणकुमार बाहेर होता. कागद दानेश्वरीनंच काढला. जगदेवी श्रीशैल, वय बावीस, दहा पॉइंट सात. खाली तिचीच सही.

पहिल्या दिवशीच्या तेवीसांतली ती. दानेश्वरीला चेहरा आठवेना. तिनं राजेश्वरच्या आशाताईंना, सुमनबाईंना फोन लावला.

"रक्त चांगलं हाय म्हणून जवळच बाळंत करू म्हणले," सुमनबाई सांगू लागल्या. "पोरगी झाली. मग रक्त थांबंनाच की. कलबुर्गीला नेलं, तर दवाखान्याच्या दारात गेली. पोरगी हाय, चांगली हाय." मग त्या थांबल्या. "मॅडम, रडायलाव काय?"

किरणकुमार आल्यावर तिनं कागद त्याच्यासमोर ठेवला. त्यानं वाचला, आणि त्याचाही चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता. पण जरा वेळानं तो म्हणाला, "एवढं रक्त गेल्यावर कुणाचंबी उतरतं. आदी दहा नव्हतं कशावरून?"

"व्हतं कशावरून?"

"म्हंजे कुणालाच ठाऊक न्हाई."

"तेच तर, अण्णा. कुणालाच ठाऊक न्हाई."

तिनं उरलेल्या साठ जणींना परत तपासू म्हटलं. त्यानं मान हलवली. "परत तपासलं म्हंजे पयलं खोटं व्हतं हे आपल्याच हातानं लिहून दिलं. लॅबला कुलूप लागतंय. सात घरं चालतात हिच्यावर. मग ह्या गावानं कुठं जायचं, उदगीरला? एक गेली, वाईट झालं. पण तिच्यापायी किती जणांचं वाईट करायलीस, त्याचाबी इचार कर."

आणि जिना उतरता उतरता त्यानं आठवण करून दिली, शाखेचं उद्घाटन पंधरा जुलैला आहे.

घरी वीरेशनंही तेच म्हटलं, फक्त कमी शब्दांत. "तुझ्याशिवाय कुणाला म्हाईत हाय?" मग गंगूकडं बघितलं. गंगू भिंतीला टेकून बाईंनी दिलेलं पुस्तक बघत होती आणि ओठ हलवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दानेश्वरी आंघोळ करून लिंगपूजेला बसली. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं.  पण नजर त्यावर ठरेना. ती पूजा अर्धी सोडून उठली. तळाला नखाएवढंच लाल असलेली ती नळी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. जगदेवी पहिल्या दिवसाची, नळी तिसऱ्या दिवसाची. म्हणजे ती बाई अजून कुठंतरी चालत, पाणी भरत, स्वयंपाक करत होती, आणि तिच्या पेटीत दानेश्वरीच्या सहीचा चांगला कागद होता.

तिनं तब्येत बरी नाही म्हणून रजा टाकली. बोटाला टोचून रक्त मोजायचं हातात मावणारं यंत्र तिच्याकडं होतं. तिसऱ्या दिवसाच्या एकोणीस नावांची यादी घेऊन स्कूटीवर ती आधी सुमनबाईंकडं गेली, कारण तिसऱ्या दिवशीच्या गावांतही त्याच बरोबर होत्या. त्यांच्याशिवाय कुणी दार उघडणार नव्हतं.

सुमनबाईंनी सगळं ऐकलं आणि चुलीपुढून उठल्याच नाहीत.

"मला कामून सांगायलीस हे?" त्या म्हणाल्या. मॅडम गेलं होतं, एकेरी आलं होतं. "माज्या गावांचं शंभर टक्के झालं म्हणून मला हार घातला. फोटो लावलाय आफिसात. त्या जगदेवीला 'तुजं रक्त चांगलं हाय, भिऊ नगं' हे मी सांगितलंय. माज्या तोंडानं. तू न्हाई."

"म्हणून तर आले."

"जा बाई तू."

दानेश्वरी अंगणात उभी राहिली. ऊन चढलं. तासाभरानं सुमनबाई डोक्यावर पदर घेत बाहेर आल्या आणि स्कूटीवर मागं बसल्या.

दोन दिवसांत त्या अकरा जणींपर्यंत पोचल्या. "परत कामून?" असं प्रत्येक घरी विचारत. पहिल्या घरी दानेश्वरीनं "मशीन बिघडलं होतं" असं सांगितलं. दुसऱ्या घरापासून खरं सांगायला लागली. एका घरी तिला हाकलून दिलं. एका नवऱ्यानं स्कूटीची चावी काढून घेतली आणि तासभर दिली नाही. आकडे मात्र नऊ, दहा, साडेआठ असेच निघाले. किरणकुमार म्हणाला होता तसेच. दहाव्या बाईनंतर दानेश्वरीच्या मनात आलं, आपण खुळ्यासारखं फिरतोय, ती नळी तशी नसेलच, नजर फसली असेल. तिला ते फार खरं वाटावंसं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी, महाराष्ट्राच्या शिवेला लागून असलेल्या एका गावात, चौदाव्या घरी नागरत्ना अंगणात होती. आठवा महिना. ओसरीच्या दोन पायऱ्या चढून आली आणि खांबाला धरून उभी राहिली, छाती धपापत होती. ओठ पिठासारखे. यंत्राची गरजच नव्हती. दानेश्वरीनं तिचा तळहात उलटा केला, त्यावरच्या रेघासुद्धा पांढऱ्या होत्या.

"हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या," ती म्हणाली.

नागरत्नाची सासू सुभद्राबाई आतून कागद घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला. "दहा पॉइंट चार हाय म्हणून वाचून दाकवलं आमच्या पोरानं. चांगलं हाय म्हणली व्हती ही सुमन."

"ते खोटं हाय. मी रक्त तपासलंच न्हाई. मनानं लिहिलं."

सुभद्राबाईनं आधी सुमनबाईंकडं बघितलं, मग दानेश्वरीकडं. "तवा खोटं बोललीस," ती सावकाश म्हणाली, "तर आत्ता खरं कशावरून? आत्ता कुण्या दवाखान्यानं धाडलं तुला? तिथं नेऊन पोट फाडायचं, असंच ना?"

 नऊ वर्षांत दानेश्वरीच्या शब्दावर कुणी संशय घेतला नव्हता. आणि आज ती जे सांगत होती त्यावर एका बाईचा आणि पोटातल्या लेकराचा जीव होता, तर तो शब्द कवडीमोल झाला होता, आणि तो तिनं स्वतःच केला होता. ती पाया पडली. सुभद्राबाईनं पाय मागं घेतले.

"दार लाव गं," ती सुनेला म्हणाली.

"थांबा," दानेश्वरी म्हणाली. "माज्यावर नगा इश्वास ठेवू. मशीनवर ठेवा." तिनं ओसरीवरच बैठक मारली, स्वतःच्या बोटाला टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. सुभद्राबाईचा मुलगा अरुणकुमार तोवर शेतातून आला होता, त्याच्या हातात यंत्र दिलं. "मोठ्यानं वाचा."

"अकरा पॉइंट सहा."

मग सुमनबाईंचं. दहा पॉइंट एक. मग शेजारची एक बाई कुतूहलानं पुढं आली, तिचं नऊ पॉइंट आठ. मग दानेश्वरीनं सुभद्राबाईपुढं हात केला. म्हातारीनं हात पदराला पुसला आणि बोट दिलं. दहा पॉइंट नऊ.

शेवटी नागरत्ना. बोट दाबदाबूनही थेंब लवकर येईना. आला तो लाल नव्हता, गुलाबी होता. सगळ्यांनी बघितला. अरुणकुमारनं यंत्राकडं बघितलं आणि वाचलंच नाही. आईपुढं धरलं. तिला अंक कळत होते.

"चार," सुभद्राबाई म्हणाली. "चार पॉइंट तीन."

जीप मिळायला अर्धा तास लागला. बसवकल्याणहून त्यांनी बिदरला पाठवलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात नागरत्नाला चार दिवसांत तीन पिशव्या रक्त चढलं. दानेश्वरी बाहेरच्या बाकावर बसून राहिली. तिच्याशी कुणी बोललं नाही. चौथ्या दिवशी अरुणकुमारनं तिच्याकडं न बघता सांगितलं, "डाक्टर म्हणायलेत, आठ दिवस उशीर झाला असता तर न्हाई." आभार मानल्यासारखं नव्हतं ते.

बिदरहूनच तिनं आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. एकसष्ट नावं, कुठली खोटी, कोण सापडली, कोण नाही. अर्ज घेणाऱ्या साहेबांनी चष्मा काढून तिला दोनदा विचारलं, "बाई, हे सगळं तुमच्या एकटीवर येईल, कळतंय ना?"

आलंही तसंच. चौकशीत किरणकुमारनं सांगितलं की आकडे तिनंच चढवले, सही तिची, त्याला काहीच माहीत नव्हतं. ते खोटंही म्हणता येईना. तो जे बोलला होता ते कुठं लिहिलेलं नव्हतं. लॅब महिनाभर बंद राहिली आणि उघडली. गावात काही जण तिलाच बोल लावत. महिनाभर त्यांना परत उदगीरच्या खेपा पडल्या होत्या. तिच्यावर गुन्हा नोंदला गेला, जामीन झाला, खटला उभा राहायचाय. वीरेश तिच्याशी कामापुरतं बोलतो. गंगूला तोच रविवारी बसवकल्याणला नेतो, एकच दिवस. उरलेले दिवस दानेश्वरी स्वतः पुस्तक घेऊन तिच्यासमोर बसते. तिला शिकवता येत नाही, आणि येत नाही हे गंगूलाही कळतं.

पण ह्या सगळ्याच्या आधी, बिदरहून परत येताना, ती राजेश्वरच्या वस्तीवर गेली. सुमनबाई आल्या नाहीत, लांबून घर दाखवून वळल्या. दुपारची वेळ होती. जगदेवीचा नवरा श्रीशैल गवंडीकाम करायचा. त्याचा आजा मेंढरं राखायचा, बाप मजुरीवर गेला, हा थापी हातात घेऊन गवंडी झाला. त्या दिवशी तो कामावर गेला नव्हता. बाजेवर बसला होता, शेजारी कापडात गुंडाळलेली पंधरा दिवसांची पोरगी. त्याची आई बाटलीतून दूध पाजत होती.

दानेश्वरी उभ्यानंच सगळं बोलली. बसली असती तर तिला पुढं बोलता आलं नसतं.

 श्रीशैल पोरीकडं बघत राहिला.

"ती दिवसा निजायची," तो म्हणाला. "भाकरी टाकता टाकता भिंतीला टेकायची. ही अव्वा म्हणायची, नाटकं करायली. मी कागद काढून दाकवला तिला. म्हणलं, हे बग, दहाच्या वर हाय, तुला काईबी झालं न्हाई, ऊठ." त्यानं मान वर केली. "ती उठायची, बाई. कागद बगून उठायची."

त्याच्या आईनं बाटली खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला.

"तिचं रक्त किती व्हतं?" श्रीशैलनं विचारलं.

"मला ठाऊक न्हाई."

"पाच व्हतं? सा?"

"ठाऊक न्हाई. मी बगितलंच न्हाई."

"दहाबी असंल मग?"

दानेश्वरीला कळलं, त्याला काय हवंय. दहा होतं म्हटलं तर तो उद्यापासून कामाला जाऊ शकेल. पाच होतं म्हटलं तर निदान तिला शिव्या घालू शकेल. दोन्हींतलं काही एक बोलून ह्या घराबाहेर पडणं सोपं होतं, आणि आकडे बनवणं तिला येत होतं.

"ते आता कुणालाच कळणार न्हाई," ती म्हणाली. "माज्यामुळं."

श्रीशैल उठला, आत गेला. तिला वाटलं, मारायला काहीतरी आणतोय, आणि ती तिथंच उभी राहिली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात मुलीचं लसीकरणाचं कार्ड होतं.

"हिचं बगता का?" तो म्हणाला. "रक्त. हिचं तरी खरं बगून ह्यावर लिहा."

तिनं पिशवीतून यंत्र काढलं.  इतक्या लहान लेकराच्या टाचेला टोचताना पाय घट्ट धरावा लागतो, तो आजीनं धरला. पोरगी कळवळून रडली. थेंब लगेच आला, गडद. तिघंही यंत्राच्या पडद्याकडं बघत थांबले.